तिघींनाही दोनच गुण

प्रिय बडबडे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठीक आहे. दोन वेळा जेवतो, जिना चढतो, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडतो, म्हणजे प्रकृती उत्तम आहे. पत्र आलं की आत वाईटच बातमी असणार असं तुझी आई धरून चालायची आणि तू तिचीच लेक, म्हणून हे आधी लिहिलं. फोन केला तर तू उचलत नाहीस. मेसेज केला तर उत्तरादाखल तो पिवळा अंगठा येतो. अंगठ्याशी माणूस किती वेळ बोलणार? त्या रविवारच्या फोनपासून तू माझ्याशी बोलायची थांबली आहेस आणि मला तू पुन्हा बोलायला हवी आहेस. दुसरं काही मागणं नाही. आता पत्र हाती घेतलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे, धड्यांपासून स्वेटरपर्यंत सगळं अर्ध्यात.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पत्र अगदीच वाया गेलं असं तुला वाटणार नाही. आमच्या तिकडच्या शाखेने नुकतीच तुमच्या शहरात चाचणीची गाडी फिरवली. एकाच गाडीत, एकाच रस्त्यावर, एकाच वेळी तिन्ही मोबाइल कंपन्यांचे फोन, जशी मी इकडे फिरवतो तशीच. तिथल्या माणसाला मस्का लावून मी तुझ्या भागाचे निकाल मागवून घेतले, आणि गाडी जात नाही तिथे त्याला फोन हातात घेऊन चालायला लावलं. कंपन्यांची खरी नावं मी घरात कधी घेतली नाहीत आणि पत्रातही घेणार नाही, नियम म्हणजे नियम. आईने ठेवलेली नावंच बरी. थोरली जाऊ, मधली जाऊ आणि धाकटी जाऊ. तिघी एका घरात नांदतात, तिघींना एकमेकींचं काही बघवत नाही आणि पाहुण्यांसमोर तिघी हसतमुख, असं ती म्हणायची.

तर थोरली तुमच्याकडेही थोरलीच आहे. चालीने सावकाश, चित्रफीत उघडायला लागलं तर मध्ये चहा करून प्यावा, पण पोहोचते सगळीकडे. नदीवरच्या पुलाखाली, लिफ्टमध्ये, इस्पितळाच्या मागच्या गल्लीत, जिथे जाईल तिथे हजर. मधली वेगाच्या बाबतीत दोघींच्या नाकावर टिच्चून पुढे. तुझ्या पाचव्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीपाशी तिला पैकीच्या पैकी आहेत. पण तीच मधली तुझ्या कामाच्या तळघरात उतरायला तयार नाही, पायऱ्यांवरच तिचा जीव जातो. धाकटी बोलायला गोड, फोन झटकन लावून देते आणि ऐन गप्पा रंगल्या की न सांगता उठून जाते. तुमच्या बाजाराच्या चौकात तर तिने आमच्या माणसाचे निम्मे फोन तोडले. म्हणून माझं मत असं की घरी मधली ठेव, कामावर थोरली, आणि धाकटीला दुरून नमस्कार कर. तुझ्या फोनमध्ये दोन सिमं बसतात, मी घेऊन दिलेला फोन आहे तो.

इथे तू कपाळावर हात मारलास, मला दिसलं. बाबा, पुन्हा सिम? खरंय तुझं. वर्षभरात मी तुला तीन वेळा कंपनी बदलायला लावली. धाकटीवर तुझा आवाज चिरका येतो म्हणून मधली घ्यायला लावली, मधलीवर शब्द गिळले जातात म्हणून थोरली, आणि थोरलीवरही तेच, म्हणून पुन्हा मधली. शेवटी तू कंटाळून मेसेजमध्ये लिहिलंस, "नेटवर्कला किती दिवस पुढे करणार, बाबा? माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा." ते मी किती वेळा वाचलं काय सांगू. तू लिहिलं होतंस म्हणून निदान मला ते नीट कळलं.

माझ्याशी बोलायचं नसेल! अगं, तुझ्याशी बोलायचं नसतं तर मी रविवारी सकाळपासून फोन चार्जिंगला लावून त्याच्याभोवती घिरट्या घातल्या असत्या का? पण तुला तसं वाटलं यात तुझाही दोष नाही. आई गेल्यावर तू लांबची नोकरी धरलीस तेव्हा मी तोंड फुगवून बसलो होतो. दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणून तुझ्या कृत्रिम दातांच्या कारखान्याची थट्टाही केली. आणि तुझा तो उंच मित्र घरी आला होता तेव्हा मी त्याला पाणी विचारलं आणि त्यापुढे एक शब्द बोललो नाही. त्याचं डोकं आपल्या दाराच्या चौकटीला लागलं तेव्हा मला हसू आलं, ते मी लपवलं नाही. हे सगळं तुझ्या मनात जमा असणार. त्यात फोनवर बाप नुसता हं हं करतो म्हटल्यावर मुलीने काय समजायचं? रागावलाय म्हातारा, असंच ना?

खरं सांगू का, तुझ्या त्या नोकरीचा मला आता अभिमान वाटतो. तू मागे लिहिलं होतंस की माणसाच्या बाकीच्या दातांकडे बघून नवा दात किंचित पिवळा करावा लागतो, एखादी बारीक चीर ठेवावी लागते, नाहीतर तो खोटा दिसतो. ते मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमच्या गाडीचा चालक, ज्याला सगळे मामा म्हणतात, त्याने तर लगेच आरशात स्वतःचा पुढचा दात बघितला. मग दिवसभर तो ओठ मिटून गाडी चालवत होता.

या मामांच्या शेजारी बसून मी इतकी वर्षं काय करतो ते तू लहानपणी शाळेत सांगायचीस, "माझे बाबा फोनला गुण देतात." बाईंना वाटलं, मुलगी थापा मारते. सुट्टीत एकदा तुला गाडीत नेलं होतं, आठवतं? समोर रांगेत तीन फोन, माझ्या कानावर ते मोठे हेडफोन. गाडीतून फोन लागला की पलीकडे ऑफिसातलं यंत्र तो उचलायचं आणि ध्वनिमुद्रित वाक्यं वाजवायचं. "शेजारच्या शिंप्याने सशाची साखळी सोडवली. चाफ्याच्या झाडाखाली सहा चमचे सापडले." मुद्दाम अशी वाक्यं, म्हणजे कोणता आवाज नीट पोहोचतो आणि कोणता फाटतो ते कळावं. ऐकायचं आणि एक ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे माणूस शेजारी बसून बोलतोय आणि एक म्हणजे बोलतोय की खोकतोय ते कळत नाही. तू हेडफोन लावलेस आणि त्या ससा सोडवणाऱ्या शिंप्याला इतकी हसलीस की मामांना गाडी बाजूला घ्यावी लागली. नंतर घरी किती दिवस तुझं हेच चाललं होतं. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की तू आतून ओरडायचीस, "तीन गुण, आई, पुन्हा बोल." आणि आई हातातलं टाकून दारात यायची, तुला पाच गुणांत ऐकू येईल असं काहीतरी बोलून परत जायची.

यंत्रही गुण देतंच, आता तर फारच हुशार यंत्र आलंय. पण आवाज स्वच्छ असणं वेगळं आणि आपल्या माणसाचा वाटणं वेगळं, म्हणून आमच्या चाचणी एजन्सीने माझ्यासारखे दोन-चार कान नोकरीवर ठेवले आहेत. माझ्या कानाला ऑफिसात मान होता. कुठली कंपनी भांडायला आली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, सरळ म्हणायच्या, "आमच्या माणसाने दोन दिलेत म्हणजे दोनच." मी तिथेच उभा असलो की उगाच खिडकीबाहेर बघायचो.

यंदा मोठ्या बाईंनी ती जुनी वाक्यं बदलली. फार वर्षं झाली, कंपन्यांनाही पाठ झाली असतील, असं त्या म्हणाल्या. नवी वाक्यं, नवा आवाज. मी पहिल्याच दिवशी गाडीत बसलो आणि तिघींनाही दोन दिले. दुसऱ्या दिवशी दुसरा रस्ता घेतला, तिथेही दोन. थोरलीला दोन, मधलीला दोन, धाकटीला तर दीड द्यावासा वाटत होता. आणि यंत्र मात्र चार-चार देत सुटलेलं! मी मामांना म्हटलं, बघा, यंत्राचं डोकं फिरलंय. मग काय, बाप तुझा हट्टी. एक खरमरीत अहवाल लिहिला, की तिन्ही कंपन्यांचा आवाज एकदम ढासळला आहे, ग्राहकांच्या डोळ्यांत धूळफेक चालू आहे आणि आपलं यंत्र त्यांना सामील झालंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑफिसने हेडफोन बदलले, गाडीतल्या सगळ्या तारा उपसल्या, तिन्ही फोन तपासायला पाठवले. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिघी जावांचे इंजिनिअर एका टेबलाशी बसून माझ्यावर एकत्र रागावले. इतकी एकी मी घडवून आणली, पण त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही.

शेवटी मोठ्या बाई स्वतः गाडीत येऊन बसल्या. बोगद्याच्या अलीकडे, जिथे पेट्रोलपंप आहे, तिथे गाडी उभी केली. थोरलीवर फोन लागला. मी ऐकलं, दोन दिले. त्यांनी माझ्या कानावरचे हेडफोन काढून आपल्या कानावर घेतले, पुन्हा फोन लावला आणि डोळे मिटून एकेक वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायला लागल्या. मग मधलीवर, मग धाकटीवर. एकही शब्द अडला नाही. मामा स्टिअरिंगकडे बघत बसले होते. बाईंनी हेडफोन उतरवले, नीट गुंडाळून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "तिघीही चांगल्या आहेत. तुम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर कंपन्यांना ऐकवली. त्या दिवशी पेट्रोलपंपावर ती मला लागू झाली.

डॉक्टर तरुण आहे, पण समजावून सांगतो. काचेच्या खोलीत बसवून त्याने कानात शिट्ट्या वाजवल्या. वाजवल्या असाव्यात, कारण मला बऱ्याचशा आल्याच नाहीत. जाड आवाज अजून येतात. बस येते, फ्रिज येतो, मामा येतात. बारीक आवाज आधी जातात. स आणि श, च आणि फ, बायकांचे, मुलांचे. आणि हे एकदम होत नाही, वर्षानुवर्षं होत असतं. मी त्याला विचारलं, मग मला इतके दिवस कळलं कसं नाही? ऐकणं हाच माझा धंदा. तो म्हणाला, "तुम्हाला जे पाठ होतं ते तुम्हाला ऐकू येत होतं." शिंपी, ससा, साखळी, चमचे. फोनवर नुसती कुजबुज आली तरी माझं डोकं पुढचं वाक्य आतून वाजवत होतं आणि मी ऐटीत चार गुण देत होतो.

घरी परत येताना बसमध्ये मला तू आठवलीस. तू तरी दर रविवारी वेगळं काय बोलायचीस? जेवलात का, गोळी घेतली का, गच्चीवरच्या झाडांना पाणी घातलंत का, शिंपीणबाईंशी पुन्हा भांडलात का. याच क्रमाने. तो क्रम मला किती आवडायचा ते तुला कधी सांगितलं नाही. तुझा आवाज चढला की मी हो म्हणायचो, खाली आला की असं का म्हणायचो, आणि हसलीस की हसायचो. मध्ये काही नवीन आलं की मी काय, काय असं विचारायचो. मग तू चिडायचीस आणि मी सिम बदलायला सांगायचो. पुढेपुढे तू चिडू नयेस म्हणून काय विचारणंही सोडलं. आठवड्यातून एकदा मिळणारी मुलगी, तिचा अर्धा वेळ पुन्हा सांगण्यात का घालवायचा, असा माझा हिशोब. असं का, बरं झालं, जप हो. या तीन उत्तरांवर माणूस बराच लांबचा प्रवास करू शकतो. मला खरोखर वाटत होतं की दोष तिघींपैकी कुणाचा तरी आहे आणि योग्य ती सापडली की तू पुन्हा शेजारी येऊन बसशील.

आता कानात घालायचं यंत्र मिळालंय. डाव्या कानाचं सारखं घसरतं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटलं तर घरात कुणी काही फाडतंय असं वाटून मी उठून बघून आलो. नळ आवाज करतो हे मी विसरलोच होतो. समोरचा माणूस बरा ऐकू येतो, फोनवरचा मात्र अजून नाही, त्याला काही महिने लागतील, मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं, असं डॉक्टर म्हणतो. ऑफिसने मला टेबलावरचं काम दिलं आहे. गाडीत आता दुसरं माणूस बसतं. मामा दुपारी वर येऊन माझ्यासमोर नुसते बसतात, मग गाडी काढतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण नोकरीचं वाईट वाटणं सोसवतं. संध्याकाळी घरी आल्यावर जे वाटतं ते नाही सोसवत. तुझी फार आठवण येते गं. तुझ्या बोलण्याची आठवण येते, आणि त्यातलं किती मी ऐकलंच नाही हे आठवून आणखी येते.

आता जे विचारायला हा कागद घेतला ते विचारतो. त्या रविवारी तुझे सगळे प्रश्न झाले, माझी उत्तरं झाली. मग तू जराशी थांबलीस आणि काहीतरी सांगितलंस. बराच वेळ सांगत होतीस, हळू आवाजात, आणि शेवटी सूर खाली आला. प्रश्न नसावा, काही झालेलं सांगत असावीस, एवढंच मला समजलं. मी म्हणालो, "बरं झालं." नंतर अगदी थोडंसं काही म्हणालीस आणि आवाज थांबला. कॉल तुटला म्हणून मी मधलीला शिव्या घातल्या, पण मग फोनकडे बघितलं तर रेंज पूर्ण होती. कॉल तुटला नव्हता, तू ठेवला होतास. तेव्हापासून मी अंदाज करतोय. तुझी नोकरी गेली असेल का? तुला डॉक्टरांनी काही सांगितलं असेल का? तो उंच मुलगा तुला सोडून गेला असेल का, आणि ते ऐकून बाप म्हणाला असेल का, बरं झालं? रोज एकेक गोष्ट मनात धरतो, तिच्यापुढे माझे ते दोन शब्द म्हणून बघतो आणि मला माझीच लाज वाटते. राणी, मी रागावलेलो नव्हतो, मला ऐकू आलं नव्हतं. तू काय सांगितलंस ते मला आजही माहीत नाही. तेव्हा जे आणि जसं सांगितलंस तसंच सगळं एकदा लिहून पाठव. वाचल्यावर मी पहिल्या गाडीने तुझ्याकडे येईन आणि समोर बसून उत्तर देईन. पण त्याआधी मी कशाला बरं झालं म्हणालो, तेवढं मला कळव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, तुझाच,
बाबा